कॉलेजचे दादा, एनबीएचे शिकाऊ: फँटसी संघात सेंटर कोण घ्यावा? एडी, क्लिंगन, केसलर की वेअर?

फँटसी बास्केटबॉल म्हणजे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या आकड्यांवर खेळायची चढाओढ. कीपर लीगमध्ये (जिथे खेळाडू पुढच्या हंगामासाठीही राखता येतो) सेंटरची, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, एकच जागा रिकामी आहे आणि समोर चार नावं आहेत: झॅक एडी, डोनोव्हन क्लिंगन, वॉकर केसलर, केलेल वेअर. चौघंही अमेरिकी कॉलेजांतून आलेले, चौघंही सात फुटी किंवा त्याहून उंच. कॉलेजमधला दबदबा हाच निकष धरला तर एडीच्या जवळपासही कोणी नाही. पण या निकषावर सेंटर निवडणाऱ्यांनी गेल्या दहा वर्षांत पुष्कळदा हात पोळून घेतले आहेत.

इथले आकडे २०२४-२५ हंगामाअखेरचे आहेत. त्यानंतरच्या ज्या दुखापतींनी निवड बदलते, त्या त्या खेळाडूखाली दिल्या आहेत. हिशेब नऊ रकान्यांच्या लीगचा: गुण, रीबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं), थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट), मैदानी टक्केवारी, फ्री थ्रो (फाउलनंतरचा मोकळा शॉट) टक्केवारी आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं).

कॉलेजमधलं काय टिकतं, काय गळतं

राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडू ठरलेले सेंटर एकामागोमाग पाहा. २०१५ चा विस्कॉन्सिनचा फ्रँक कमिन्स्की एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याची प्रक्रिया) नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२३ मध्ये बेलग्रेडच्या पार्टिझानकडे गेला. २०२१ चा आयोवाचा लुका गार्झा थेट ५२ वा. २०२२ चा केंटकीचा ऑस्कर शिबवे सामन्याला सरासरी १५.१ रीबाउंड घ्यायचा, तरी २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच उचललं नाही. त्याच्या पाठोपाठ २०२३ आणि २०२४ असा दोनदा मान मिळवणारा एडी.

यातलं नशीब बाजूला ठेवा आणि मैदानाची मापं काढा. कॉलेजमध्ये बास्केटखालचा रंगवलेला पट्टा १२ फूट रुंद असतो, एनबीएत १६ फूट. म्हणजे पाठ बास्केटकडे करून चेंडू मागणाऱ्या सेंटरला प्रत्येक बाजूला दोन फूट, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर, बाहेर उभं राहावं लागतं. कॉलेजात जो हूक शॉट (एका हाताने डोक्यावरून टाकलेला) एका पावलात सुटायचा, त्याला इथे दोन पावलं किंवा एक ड्रिबल लागतो, आणि तेवढ्यात मदतीला आलेला गार्ड (बाहेरून खेळणारा चपळ खेळाडू) खालून चेंडू पळवतो. शिवाय शॉट टाकायला ३० सेकंदांच्या जागी २४. चेंडू आत पोचवण्यात चार-पाच सेकंद गेले की उरतं काय?

बचावात तर याहून मोठी अडचण. कॉलेजमध्ये बचावाला तीन सेकंदांचा नियम नाही, त्यामुळे उंच सेंटर अख्खा डाव बास्केटखाली तंबू ठोकून बसू शकतो. एनबीएत समोर आपला माणूस नसेल तर तीन सेकंदांत पट्ट्याबाहेर पाय काढावा लागतो. त्यात थ्रीची रेघ ६.७५ मीटरवरून ७.२४ मीटरवर जाते. पिक-अँड-रोलमध्ये (साथीदार बचावपटूची वाट अडवून स्क्रीन लावतो आणि मग बास्केटकडे धावतो) प्रतिस्पर्धी गार्ड स्क्रीनवरून वळून आला की मागे थांबलेल्या सेंटरला एकाच वेळी त्याचा शॉट आणि मागून धावणाऱ्या माणसाकडचा लॉब (उंच पास), दोन्ही झाकायचे असतात. पाय जड असतील तर दोन्ही सुटतात, आणि प्रशिक्षक त्याला चौथ्या क्वार्टरमध्ये बाकावर बसवतो. फँटसीत आपल्याला टोचतं ते हेच, कारण मिनिटं गेली की सगळेच रकाने रिकामे.

२०१५ चा ड्राफ्ट याचा उत्तम धडा. ड्यूकचा जलील ओकाफोर कॉलेजमध्ये १७.३ गुणांचा खेळाडू, केंटकीचा कार्ल-अँथनी टाउन्स जेमतेम १०.३ चा. टाउन्स पहिला निवडला गेला, ओकाफोर तिसरा. ओकाफोरने पहिल्या वर्षी फिलाडेल्फियासाठी १७.५ गुण काढलेही, पण बचाव आणि लांबचा शॉट नसल्याने डिसेंबर २०१७ पर्यंत संघाने त्याला ब्रुकलिनला देऊन टाकलं.

मग टिकतं काय? रीबाउंड टिकतात, ब्लॉक बऱ्यापैकी टिकतात, आणि फ्री थ्रो जवळजवळ जसेच्या तसे टिकतात. कारण उघड आहे: ती रेघ दोन्हीकडे १५ फुटांवरच आहे आणि समोर हात घेऊन कोणी उभं नसतं. पर्ड्यू कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी एडी ७१ टक्के फ्री थ्रो टाकायचा, एनबीएत मेम्फिसच्या पहिल्या वर्षीही ७१ टक्केच. म्हणून कॉलेजचा तक्ता वाचताना गुणांचा रकाना सर्वांत शेवटी पाहावा.

चौघांचा तक्ता

| खेळाडू (कॉलेज, संघ) | ड्राफ्ट | मिनिटं | गुण | रीबाउंड | ब्लॉक |
|---|---|---|---|---|---|
| एडी (पर्ड्यू, मेम्फिस) | २०२४, ९ वा | २१.५ | ९.२ | ८.३ | १.३ |
| क्लिंगन (यूकॉन, पोर्टलंड) | २०२४, ७ वा | १९.८ | ६.५ | ७.९ | १.६ |
| केसलर (ऑबर्न, युटा) | २०२२, २२ वा | ३०.० | ११.१ | १२.२ | २.४ |
| वेअर (इंडियाना, मायामी) | २०२४, १५ वा | २२.२ | ९.३ | ७.४ | १.१ |

केसलरचं हे तिसरं वर्ष होतं, बाकी तिघांचं पहिलं. त्यामुळे नुसत्या सरासरीवर तुलना करणं अन्यायाचं. ३६ मिनिटांच्या मापाने मोजलं तर रीबाउंडमध्ये केसलर १४.६, क्लिंगन १४.४, एडी १३.९ आणि वेअर १२ असे येतात. ब्लॉकमध्ये केसलर आणि क्लिंगन दोघंही २.९ वर, एडी २.२, वेअर १.८. गुणांत मात्र क्रम उलटतो: एडी १५.४, वेअर १५.१, केसलर १३.३, क्लिंगन ११.८. क्लिंगन म्हणजे मिनिटं वाढायची वाट पाहणारा केसलर, असं या आकड्यांवरून म्हणता येतं. फक्त गुण थोडे कमी.

एडी: टक्केवारी उत्तम, घोटा नाजूक

सात फूट चार इंच, वजन १३५ किलोच्या पुढे. २०२४ च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यूकॉनविरुद्ध त्याने ३७ गुण आणि १० रीबाउंड घेतले, तरी पर्ड्यू ७५-६० असं हरलं. एनबीएत त्याची पोस्टवरची (बास्केटकडे पाठ करून खेळण्याची) पकड अपेक्षेप्रमाणे ढिली झाली, पण त्याने स्वतःला चटकन बदललं: भक्कम स्क्रीन लावायची, मागे धावायचं आणि चुकलेला शॉट उचलून परत टाकायचा. ५८ टक्के मैदानी नेमबाजी आणि वर्षाच्या नवोदितांच्या पहिल्या संघात स्थान, ही कमाई त्यातूनच आली.

फँटसीच्या दृष्टीने त्याचा खरा दागिना म्हणजे ते ७१ टक्के फ्री थ्रो. एवढे रीबाउंड देऊन फ्री थ्रोचा रकाना न बुडवणारे सेंटर थोडे. अडचण शरीराची आहे. जून २०२५ मध्ये डाव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढच्या हंगामाची सुरुवात हुकली आणि परतल्यावर डिसेंबरमध्ये त्याच घोट्याने पुन्हा बाहेर बसवलं. एवढं वजन उचलणाऱ्या घोट्याची तक्रार दोनदा आली की तिसऱ्यांदाची तयारी ठेवलेली बरी. तुमच्या लीगमध्ये जखमींसाठी वेगळ्या जागा दोन किंवा जास्त असतील तरच त्याला धरून ठेवावं. एकच जागा असेल तर तो तिथे कायम मुक्कामाला येण्याचा धोका आहे.

क्लिंगन: वाट मोकळी झालेला

यूकॉनच्या २०२३ आणि २०२४ या दोन्ही विजेतेपदांत होता, पण गुणांसाठी कधीच नाही. २०२४ मध्ये इलिनॉयविरुद्ध धावफलक २३-२३ असताना यूकॉनने सलग ३० गुण काढले. त्या सामन्यात क्लिंगनने ज्या १९ शॉट्सना अडथळा केला, त्यातला एकही आत गेला नाही. असं काम गुणांच्या रकान्यात दिसत नाही आणि व्यावसायिक खेळात मात्र टिकतं.

पहिल्या वर्षी त्याला २० मिनिटंही मिळाली नाहीत, कारण पुढे डिआंद्रे एटन होता. जून २०२५ मध्ये पोर्टलंडने एटनचा करार मोडून त्याला सोडलं, आणि सुरुवातीच्या पाचांतली जागा मोकळी झाली. खोट दोन ठिकाणी: फ्री थ्रो साठीच्या आसपास, आणि दम. १२७ किलोंच्या माणसाकडून रोज ३४ मिनिटांची अपेक्षा धरू नका, २६ ते २८ चा हिशेब ठेवा. तेवढ्यातही दोन ब्लॉक आणि दहाच्या वर रीबाउंड बसतात.

केसलर: सर्वांत सिद्ध, सर्वांत अडचणीचा

ऑबर्नमध्ये सामन्याला ४.६ ब्लॉक, युटात पहिल्याच वर्षी २.३ ब्लॉक आणि ७२ टक्के नेमबाजी. कॉलेजमधलं कौशल्य जसंच्या तसं वर नेणारा या यादीतला हाच. पण फ्री थ्रो ५२ टक्के, आणि हे किती महाग पडतं ते एकदा कागदावर मांडून पाहा. समजा तुमचा संघ आठवड्यात १२० फ्री थ्रो घेतो आणि ९६ टाकतो, म्हणजे ८० टक्के. केसलरने त्यात १२ घेऊन ६ टाकले की १३२ पैकी १०२, म्हणजे ७७.३. चुरशीच्या लीगमध्ये एवढ्या फरकावर तो रकाना हातचा जातो. म्हणून केसलर घ्यायचा तर फ्री थ्रोवर आधीच पाणी सोडायचं आणि जोडीलाही तसेच खेळाडू घ्यायचे.

दुसरा त्रास संघाचा. २०२४-२५ मध्ये युटा १७ जिंकून ६५ हरलं. हरून ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळावा म्हणून डोळे लावून बसलेला संघ मार्चमध्ये चांगल्या खेळाडूंना विश्रांती देतो, आणि फँटसीचे बाद फेरीचे आठवडे नेमके तेव्हाच येतात. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेने त्याचा हंगाम पाच सामन्यांत संपला आणि करारही २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंतचाच होता. एका हंगामाच्या लीगमध्ये असा खेळाडू नको. कीपरमध्ये मात्र कोणी वैतागून स्वस्तात सोडत असेल तर उचलावा.

वेअर

२०२४-२५ मध्ये चौघांत सर्वांत जास्त थ्री टाकणारा हाच. टक्केवारी तिशीच्या थोडी वर, म्हणजे बेताचीच, पण सेंटरकडून आलेले थ्री नऊ रकान्यांत जादाचे. मायामीचा दुसरा उंच खेळाडू बॅम अडेबायो याच्या शेजारी खेळतो, त्यामुळे बचावात पळापळ जास्त आणि बास्केटखालचे ब्लॉक कमी. मायामीत मिनिटं आठवड्यागणिक हलतात. रोज लाइनअप बदलायची तयारी असेल तर ठीक.

ज्यांना पाहावं, पण घेऊ नये

गोंझागाचा ड्रू टिमी, शिबवे, कॅन्ससचा हंटर डिकिन्सन: कॉलेजमध्ये पाहिलेली ही नावं यादीत दिसली की हात शिवशिवतो. पण असे खेळाडू बहुधा टू-वे करारावर असतात, म्हणजे मुख्य संघ आणि एनबीएची दुय्यम जी लीग यांत ये-जा करतात. प्रत्येक संघाला असे तीन करार करता येतात. टू-वे खेळाडू जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी मुख्य संघात बसू शकतो आणि प्लेऑफला चालत नाही. शिबवे जी लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तरी फँटसीत त्याची किंमत शून्याच्या आसपासच राहिली. अपवाद फक्त हंगामाच्या शेपटाचा. मार्च २०२५ मध्ये ब्रुकलिनने टिमीला घेतलं आणि नऊ सामन्यांत त्याने १२.१ गुण, ७.२ रीबाउंड काढले. शेवटचे दोन आठवडे हरणाऱ्या संघांवर लक्ष ठेवलं तर असा एखादा फुकटात मिळतो.

गुण काढण्यापलीकडे काही शिकला तर मात्र गोष्ट वेगळी. एलएसयूचा नाझ रीड २०१९ मध्ये निवडलाच गेला नव्हता. वजन उतरवून आणि थ्री जमवून तो २०२४ मध्ये सर्वोत्तम सहावा (बाकावरून येणारा) खेळाडू झाला. उलट इलिनॉयचा कोफी कॉकबर्न बास्केटखाली अवाढव्यच राहिला आणि जपानमार्गे कोरियात गेला, जिथे असा सेंटर अजूनही सामना फिरवतो. सात फूट पाच इंचांच्या सिम भुल्लरचंही तेच झालं. टोरांटोत वाढलेला हा पंजाबी मुलगा न्यू मेक्सिको स्टेटमधून २०१५ मध्ये सॅक्रामेंटोकडे आला, एनबीएत उतरणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला, तीन सामन्यांत मिळून साधारण तीन मिनिटं खेळला आणि पुढे तैवानला गेला.

तर घ्यायचा कोण?

दुखापत नसेल तर क्लिंगन, आणि फ्री थ्रो सोडून दिलेल्या संघात तर डोळे झाकून. फ्री थ्रोच्या रकान्यात तुम्ही आघाडीवर असाल तर एडी, पण आधी जखमींच्या जागा मोजा. केसलर फक्त कीपर लीगला आणि फक्त पडत्या किमतीत. थ्री कमी पडत असतील तर वेअर.

पुण्या-मुंबईत बसून संघ चालवणाऱ्यांसाठी वेळही पाहण्यासारखी. हिवाळ्यात मायामीचे घरचे सामने साधारण पहाटे सहाला लागतात, मेम्फिसचे साडेसहाला, युटाचे साडेसातला, पोर्टलंडचे साडेआठला. दुखापतींची अंतिम यादी सामन्याच्या अर्ध्या तासापूर्वीपर्यंत हलत असते. एडीची खात्री करायला सहाचा गजर लावावा लागतो, क्लिंगनची चहाबरोबर होते.