ब्रेक पाईप गळतोय: तुकडा जोडायचा, पूर्ण पाईप बनवायचा का रेडीमेड आणायचा?

पेडल मऊ झालंय, टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होतंय आणि गाडीच्या पोटाखाली ओला डाग दिसतोय, म्हणजे बहुतेक पाईप नाहीतर होज गेलाय. आधी एक सांगतो, अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. हल्लीच्या गाड्यांना ब्रेकची दोन सर्किट, म्हणजे ऑइलच्या दोन वेगळ्या लाईन असतात, एक गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते हे खरंय, पण पेडल पार खाली जातं, थांबायचं अंतर वाढतं आणि ऐनवेळी पाय घाबरतो. टो करून न्या नाहीतर जिथे उभी आहे तिथेच दुरुस्त करा.

गळती चाकाजवळच्या रबरी होजला असेल तर जास्त विचार करायचा नाही, घरी होतं. होज दोन्ही टोकाच्या फिटिंगसकट तयार मिळतो, बँजो बोल्ट, म्हणजे मधून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट असेल तर तांब्याचे वॉशर नवीन टाकायचे, होजला पीळ पडू द्यायचा नाही आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे ताणला जातोय का घासतोय ते बघायचं. एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही बदला, वय तेच आहे त्याचं.

खरी डोकेदुखी धातूच्या पाईपची. इथे सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे गंजलेला भाग कापायचा आणि मध्ये नवा तुकडा टाकायचा, कारण ते काम छोटं वाटतं. पण जरा मोजून बघा. मधला तुकडा म्हणजे दोन युनियन (पाईपला पाईप जोडणारे तुकडे) आणि चार फ्लेअर (पाईपचं पसरवलेलं टोक, जे जोडात घट्ट बसतं), त्यातले दोन फ्लेअर जुन्या पाईपवर, तेही गाडीखाली आडवं पडून, तोंडावर माती झेलत. पूर्ण पाईप बदलला तर एकूण दोनच फ्लेअर, दोन्ही टेबलावर बसून, बिघडला तर कापून परत करता येतो! म्हणजे छोटं वाटणारं कामच मोठं निघतं. शिवाय पाईप एका जागी गंजून फुटला असेल तर बाकीचा काही नवा नसतो, क्लिपांखाली चिखल आणि ओल साचून तिथे पण पोखरलेला असतो, आणि असा पाईप फ्लेअर करताना सरळ चिरतो. माझ्या मते तुकडा जोडणं फक्त एकाच केसमध्ये ठीक, पाईपला मार लागलाय, जॅक चुकीच्या जागी लागला वगैरे, आणि बाकी पाईप चकचकीत आहे.

आणि ते पाण्याच्या नळाला वापरतात तसलं रिंगवालं कॉम्प्रेशन फिटिंग? नाही म्हणजे नाही. जोरात ब्रेक दाबला की लाईनमध्ये १०० बारच्या आसपास प्रेशर जातं, घरच्या नळाला त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं असतं. ब्रेकवर जोड हवा तो फ्लेअरचाच.

पूर्ण पाईप घरी बनवायचा ठरवलंत तर मटेरियल नीट निवडा. कंपनीचा असतो स्टीलचा, वर कोटिंग असलेला, मजबूत पण वाकवायला हट्टी आणि कोटिंग खरवडलं की परत गंज. स्टेनलेस दिसायला भारी, पण कडक असल्यामुळे साध्या टूलने फ्लेअर नीट बसत नाही, पहिल्यांदा करणाऱ्याने नादी लागू नये. नुसतं तांबं अजिबात नको, सततच्या थरथरीने ते कडक होऊन तडकतं. मी सांगेन कॉपर-निकेल, म्हणजे साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल. गंजत नाही, हाताने वाकतो, फ्लेअर सुबक येतो. व्होल्वोने १९७६ पासून हाच वापरायला सुरुवात केली, त्यामुळे हा काही जुगाड नाहीये. गुंडाळीत मिळतो, बऱ्याच गाड्यांना ४.७५ मिमीचा लागतो, पण आपला मोजूनच घ्या.

फ्लेअरचा प्रकार मात्र बघितल्याशिवाय पाईप कापू नका. डबल फ्लेअर आतल्या बाजूला घडी घातल्यासारखा दिसतो, बबल फ्लेअर मशरूमच्या टोपीसारखा, आणि एकाच्या जागी दुसरा बसवला तर गळणारच. नटांचं पण तसंच, एम१० आणि ३/८ इंची आटे नजरेला सारखेच वाटतात, चार आटे जातात आणि मग अडकतो, तिथे जोर लावला की मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर लाईनमध्ये प्रेशर तयार करणाऱ्या भागाचे) आटे गेले. जुना नट सोबत नेऊन जुळवून घ्या. कापायला पाईप कटर, हॅकसॉ नको, किस आत जातो. आणि फ्लेअर करायच्या आधी नट पाईपवर सरकवा!! मी एकदा दोन्ही टोकं मस्त फ्लेअर केली, मग बघतो तर एक नट टेबलावर तसाच.

फ्लेअरिंग टूल नसेल आणि एकदाच करायचं असेल तर रेडीमेड बरा पडतो. त्यात दोन प्रकार, एक तुमच्याच मॉडेलसाठी आधीच वाकवलेला, दुसरा सरळ लांबीचा, टोकं फ्लेअर केलेली आणि नट लावलेले. वाकवलेला ऐकायला सोपा, पण पुढून मागे जाणारा लांब पाईप पेट्रोल-डिझेलच्या टाकीच्या वरून गेला असेल तर ती टाकी उतरवल्याशिवाय तो आत जातच नाही. सरळवाला आपण जागेवर वाकवत नेऊ शकतो, थोडा लांब पडला तर एक हलकं वळण द्यायचं, फक्त सायलेन्सरपासून लांब आणि प्रत्येक जुन्या क्लिपच्या जागी क्लिप. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हाच सुचवतो.

कुठलाही मार्ग घ्या, नट खोलायला साधा ओपन पाना नको, कडा गोल होतात, फ्लेअर नट पाना घ्या आणि आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. शेवटी लाईनमधली हवा काढायची, ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४, जे ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, सीलबंद बाटलीतलं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा.

आता गॅरेज कधी? गळती एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटजवळ असेल किंवा युनिटमध्ये हवा शिरली असेल तर, कारण बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय पूर्ण निघत नाही. नट व्हील सिलिंडरमध्ये (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागात) गंजून एक झाला असेल आणि सिलिंडरच फिरायला लागला तर. आणि दोनदा हवा काढूनही पेडल स्पंजसारखं वाटत असेल तर. बाकी घरी केलंत तर इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा, दुसऱ्याला प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी टॉर्च घेऊन परत एकदा खाली वाका.