सोलापुरातून दोघांची भटकंती: भाड्याचा कॅम्पर, ईकोतली घरगुती सोय की कार आणि लॉज?

दोघा मित्रांनी चार-पाच दिवस गाडी घेऊन निघायचं ठरवलं की तीन पर्याय समोर येतात. पहिला, पलंग-ओटा-टॉयलेट असलेला तयार कॅम्पर भाड्याने घेणं. दुसरा, दोघांपैकी एकाकडे असलेल्या मारुती ईकोसारख्या व्हॅनमध्ये काढता-घालता येणारी सोय करणं. तिसरा, नेहमीची कार आणि रात्री लॉज. दिवसा तिन्ही गाड्या त्याच रस्त्याने, जवळपास त्याच वेगाने जातात. खरा फरक रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात पडतो: झोप लागेल का, पंखा किती तास चालेल, सकाळी अंघोळ कुठे करायची. म्हणून इथली तुलनाही मुख्यतः त्या बारा तासांची आहे.

मापासाठी एक ठरावीक फेरी धरू. सोलापूर, विजयपूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे, हंपी आणि कुष्टगी-हुनगुंद मार्गे परत. आतलं फिरणं धरून सुमारे साडेसातशे किलोमीटर, पाच दिवस. विजयपूर इथून शंभर किलोमीटरवर आहे, रस्ता चांगला आहे आणि मुक्कामाची ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत. पहिल्या खेपेला याहून सोपी फेरी सोलापूरकराला मिळणं कठीण.

आधी ऋतू ठरवा

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळनंतरही कितीतरी वेळ आत उष्णता सोडत राहतो आणि बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा गरमच राहते. या दिवसांत गाडीत झोपायचं तर एसी हवा, आणि एसीचं गणित बॅटरीवर जमत नाही. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री आठ तासांत सहज पाच युनिट वीज खातो. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी भरलेली असताना सव्वा युनिट देते, म्हणजे एका रात्रीसाठी तशा चार बॅटऱ्या लागतील. भाड्याच्या कॅम्परमध्ये एसी आहे असं सांगतात तेव्हा तो कशावर चालतो हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर जनरेटर किंवा बाहेरचा प्लग असं येतं. प्लग म्हणजे लॉजच्या आवारात उभं राहणं, आणि मग खोलीच का घेऊ नये हा प्रश्न रास्त आहे.

इंजिन चालू ठेवून गाडीचा एसी लावून झोपणं हा उपाय नाही. उभ्या गाडीचा धूर आत शिरू शकतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत त्याने माणूस दगावतो. यात सवलत नाही.

म्हणून मार्च ते जून कार आणि लॉज. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा गाडीत झोपायचा काळ. पुढची तुलना त्या काळापुरती.

तयार कॅम्पर

हे बहुतेक फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेले असतात. आत उभं राहता येतं, दोन वेगळे पलंग मिळतात, टॉयलेट असतं. एखाद्याला रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल किंवा गुडघ्यामुळे वाकता येत नसेल, तर या एका कारणासाठीही हा पर्याय घ्यावा.

पण ही वाहनं प्रामुख्याने पुणे, मुंबई, बंगळूरकडे मिळतात. पुण्याहून आणायची तर अडीचशे किलोमीटर येताना, तितकेच परत पोचवताना. साडेसातशेची फेरी साडेबाराशेची होते. लिटरला दहा किलोमीटर धरले तर १२५ लिटर डिझेल, त्यातलं पन्नास लिटर फक्त आणण्या-पोचवण्यात. शिवाय दीड ते दोन दिवसांचं भाडं पुणे रस्त्यावरच जातं. सहा दिवसांपेक्षा कमी सहलीला हे परवडत नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. भाव विचारताना रोजचं भाडं, किलोमीटरची मर्यादा, वरच्या किलोमीटरचा दर, अनामत, चालकाचा भत्ता आणि चालक रात्री कुठे झोपणार, हे सगळं एकदमच लिहून घ्या. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, आणि दोघांच्या सहलीत तिसऱ्या माणसाच्या खोलीचा खर्च रोज निघतो.

कागद नीट बघा. चालकासह भाड्याची गाडी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांची असते. स्वतः चालवायची भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या पाटीचा कॅम्पर कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. कर्नाटकात जायचं असल्याने अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, की सीमेवर कर भरावा लागेल, तेही विचारा. गाडी चालवण्याच्या परवान्याची मात्र काळजी नको: एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेली गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) परवान्यावर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. दोघंही चालवणार असाल तर करारात दोघांची नावं घाला.

ताब्यात घेताना अर्धा तास द्या. दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर सगळं एकदम चालू करून ठेवा आणि तीस मिनिटांनी बॅटरीचा व्होल्टेज बघा. सिंकखाली हात फिरवून ओल तपासा. सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची कॅसेट (मैला साठणारी काढती टाकी) रिकामी करूनच घ्या. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. पाच-सहा वर्षं जुना टायर या वजनाला नको. जॅक खरोखर गाडी उचलतो का ते तिथेच उचलून बघा. आणि एसी-कॅरिअर धरून एकूण उंची किती ते कागदावर लिहून स्टेअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेच्या बोगद्याजवळचा लोखंडी आडवा बार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

टोलचाही फरक आहे. ट्रॅव्हलरचा फास्टॅग हलक्या व्यावसायिक गाडीच्या किंवा मिनीबसच्या वर्गात असू शकतो, तेव्हा दर वाढतो. खासगी कार-व्हॅनसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये २०० फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा तो ३००० रुपयांना होता. तो भाड्याच्या व्यावसायिक गाडीला चालत नाही.

ईकोतली सोय

हिवाळा, दोघं जण आणि घरात व्हॅन असेल तर आमचा कौल याला. ईको ३६७५ मिलिमीटर लांब आणि १४७५ रुंद आहे. आतलं पॅनल वजा जाता दोघांना मिळून साधारण चार फूट रुंदी उरते. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवून टेपने आतली लांबी मोजा. दोघांत जो उंच त्याच्या उंचीपेक्षा चार इंच जास्त मिळत नसतील तर पाय दुमडून झोपावं लागेल, आणि चार रात्री तसं झोपवत नाही. तेव्हा हा पर्याय सोडून द्या.

गाडीला भोक पाडू नका. कायमच्या सीट काढणं, छत उंच करणं, इंधनाची व्यवस्था बदलणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं आणि दर बदलामागे ५००० रुपये दंड होऊ शकतो. आरसी बुकावर सात सीट आणि मागे कायमची एकही नाही, हेही अडचणीचं. मागची सीट सहलीपुरती काढून घरी ठेवायची, तिच्याच बोल्टांच्या जागी पट्टे घालून खोकी आवळायची आणि परत आल्यावर सीट बसवायची.

खोकी १२ मिलिमीटर प्लायची, वरची फळी १८ मिलिमीटरची. उंची चौदा इंच पुरे. त्याहून वाढवली तर बसल्यावर डोकं छताला लागतं. गादी तीन इंची, ३२ घनतेचा फोम, मधोमध दोन तुकडे, म्हणजे दिवसा घडी करता येते. वर सोलापुरी चादर. सुती असल्याने ती रात्रीचा दमटपणा शोषते आणि दिवसा काचेआड तासाभरात वाळते. दोघांच्या श्वासाने सकाळी काचा आतून ओल्या होतातच, म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या आणि त्यावर चुंबकपट्टीची मच्छरदाणी हवी. हंपीला तुंगभद्रेकाठी ती नसेल तर झोप विसरा.

विजेचा हिशेब असा. १२ व्होल्टचा पंखा १५ वॅटचा, दहा तास: १५० वॅट-अवर. दिवे ४०. दोन मोबाइल ४०. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज घेतलात तर एकटा तोच दिवसाला साडेचारशे. फ्रिजशिवाय २३०, फ्रिजसह ६८०. साधी १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १२०० देते, पण निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाताशी ६००. फ्रिज घेतला की ती एका दिवसात संपते, न घेतला तर अडीच दिवस पुरते.

आणि सोलापूरकराला फ्रिज हवा कशाला? कडक भाकरी आणि शेंगाचटणी कोरडी ठेवली तर पाच दिवस काहीही होत नाही. दूध टेट्रापॅकचं, भाजी रोजच्या बाजारातली. फ्रिज गाळला की बॅटरी, वायर, सोलर सगळंच लहान होतं आणि हजारो रुपये वाचतात.

बॅटरी चालत्या गाडीतून भरायची तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारा करंट मर्यादेत ठेवून दुसरी बॅटरी भरणारा डबा) घाला. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीजजनित्राला, जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. ३० अँपिअरसाठी चार मीटर अंतराला किमान १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाशी, वीतभर अंतराच्या आत फ्यूज. फ्यूज फक्त एका टोकाला लावतात ही नेहमीची चूक. दुसऱ्या टोकाकडून वायर पत्र्याला घासली की आग तिथूनच लागते.

गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर. स्वयंपाक बाहेर, मागचा दरवाजा वर करून. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो गाडीच्या तळाशी साचतो, वास नाकापर्यंत उशिरा येतो. झोपताना रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर ठेवा.

पाणी दोघांना रोज वीस लिटर पुरतं: आठ पिण्याचं, बाकी भांडी आणि तोंड-हात. अंघोळ धरली तर चाळीस, म्हणजे चाळीस किलो वजन. ते वाहण्यापेक्षा अंघोळीची सोय बाहेर करावी. कर्नाटक पर्यटनाची मयूर हॉटेलं विजयपूर, बदामी आणि हंपीजवळच्या कमलापूरला आहेत. एक दिवसाआड तिथे खोली घ्या, अंघोळ करा, बॅटरी भरा. बाकी रात्री उजेड असलेला, ट्रक थांबतात असा मोठा पेट्रोल पंप. मालकाला विचारून, तिथेच डिझेल-पेट्रोल भरून. स्मारकांच्या आवाराबाहेरच्या अंधाऱ्या मोकळ्या जागा टाळा.

गाडी चालू असताना एकाने मागे आडवं व्हायचं नाही. झोप आली तर पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

या फेरीला ईकोला लिटरला चौदा-पंधरा धरून ५२ लिटर पेट्रोल लागेल.

कार आणि लॉज

यावर फार सांगण्यासारखं नाही, कारण यात बिघडण्यासारखंही फार नाही. लिटरला सतरा धरले तर ४४ लिटर. चार रात्रींच्या खोल्यांचा खर्च वाढतो, पण खोकी, बॅटरी, चार्जर यांचा एकदाचा खर्च नाही. वर्षातून एकदाच निघणार असाल तर हेच स्वस्त. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हंपीला खोली ऐनवेळी मिळत नाही, तेवढं आधी बघा. त्या आठवड्यापुरता मात्र झोपायची सोय असलेला माणूस सुखी.

ईको निवडलीत तर निघण्याआधी एक रात्र नळदुर्गला करा. पन्नास किलोमीटर आहे, काही चुकलं तर तासाभरात घरी. लॉजच्या आवारात गाडी लावून गाडीतच झोपा, पंखा रात्रभर चालू ठेवा. सकाळी सगळं बंद करून तासाभराने लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा व्होल्टेज मोजा. १२.५ व्होल्टच्या आसपास असेल तर हिशेब बरोबर आहे. १२.२ किंवा खाली असेल तर बॅटरी निम्मी उतरली आहे. कुठेतरी वीज गळते आहे किंवा बॅटरी जुनी आहे, आणि ते सोलापुरातल्या वायरिंगवाल्याकडूनच दुरुस्त करून निघा.