जुन्या गाडीला टायर घेताना: स्वस्त कुठला, परवडणारा कुठला?

दहा-बारा वर्षांची स्विफ्ट डिझायर आहे, चारही टायर गोटा झालेत. इंजिन चांगले आहे, एसी थंड करतो, गाडी विकायचा अजून विचार नाही. आता टायरवर किती खर्च करायचा? विचारायला जा, दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, जुन्या बाजारातून चार बरे टायर घाल आणि विसरून जा. दुसरा म्हणतो, टायरमध्ये काटकसर नको, परदेशी कंपनीचेच घे. दोघांनीही विचारलेले नसते, की गाडी वर्षाला किती चालते. माझ्या मते सगळा निर्णय या एका आकड्यावर अवलंबून आहे, किंमत त्यानंतर बघायची.

आकडा काढणे सोपे आहे. मागच्या दोन सर्व्हिसिंगची बिले शोधा, त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. घरात दुसरी गाडी आली, मुले पुण्या-मुंबईला गेली, ऑफिस घरून सुरू झाले, की जुनी गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटरही चालत नाही. उलट तीच डिझायर रोज नाशिकरोड ते सिन्नर एमआयडीसी करत असेल, तर अठरा-वीस हजार सहज होतात. गाडी एकच असली तरी या दोन मालकांनी एकच टायर घेणे बरोबर नाही.

झिजून जातो की जुना होऊन जातो

टायर दोन कारणांनी संपतो. एक म्हणजे झीज. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. दुसरे कारण वय. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होत जाते, बाजूला बारीक भेगा दिसू लागतात आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते, मग नक्षी कितीही शिल्लक असो. मिशलिन, कॉन्टिनेंटल यांसारख्या कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी टायर बदलाच, असे सांगतात. अकोला-चंद्रपूरच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी दहा वर्षे देणार नाही. सहा धरेन.

आता थोडे गणित. खालच्या किमती आणि आयुष्य हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या दुकानातले भाव घालून तोच हिशेब पुन्हा करा.

| | साधा नवा | जास्त आयुष्याचा नवा | महाग, आरामदायी नवा | वापरलेला |
|---|---|---|---|---|
| एका टायरची किंमत | ₹४,००० | ₹४,६०० | ₹५,४०० | ₹१,५०० |
| झिजेपर्यंत किमी | ४५,००० | ७०,००० | ४५,००० | १२,००० |
| वर्षाला १८,००० किमी: चार टायरचा प्रति किमी खर्च | ३६ पैसे | २६ पैसे | ४८ पैसे | ५० पैसे |
| वर्षाला ५,००० किमी, सहा वर्षांनी बदल | ५३ पैसे | ६१ पैसे | ७२ पैसे | ५० पैसे |

शेवटची ओळ नीट बघा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर सहा वर्षांत तीस हजार किलोमीटरच करतात. सत्तर हजारांचा टायर घेतला तरी उरलेले चाळीस हजार किलोमीटर उन्हात कडक होण्यातच जाणार. ज्या आयुष्यासाठी जास्त पैसे मोजले, ते वापरायलाच मिळत नाही.

जास्त आयुष्याचा टायर: कुणासाठी चांगला

सीएटचा मिलेझ एक्स३, अपोलोचा अमेझर ४जी लाइफ, गुडइयरचा अ‍ॅश्युरन्स ड्युराप्लस, ब्रिजस्टोनचा स्टर्डो हे सगळे जास्त किलोमीटरच्या नावावर विकले जातात. जेके तर टॅक्सीमॅक्स नावाने टॅक्सीवाल्यांसाठी वेगळा टायर काढते. रोज पन्नास-साठ किलोमीटर गाडी मारणाऱ्याने डोळे झाकून या गटातला टायर घ्यावा. जाहिरातीत लाख किलोमीटर लिहिलेले असले, तरी आपले रस्ते, स्पीडब्रेकर आणि भरलेली गाडी बघता हिशेबात सत्तर टक्केच धरलेले बरे. तेवढे धरूनही तो स्वस्त पडतो.

यात एक देवाणघेवाण असते, ती दुकानात कुणी सांगत नाही. झीज कमी व्हावी म्हणून रबर साधारणपणे कडक ठेवतात, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर तेवढे चिकटत नाही. सिलिका घातलेल्या चांगल्या मिश्रणांनी हा फरक बराच कमी केला आहे, पण तो पूर्ण गेलेला नाही. लातूर-बीडकडे, जिथे पाऊस मोजका आणि रस्ता सरळ, तिथे त्याचे फारसे वाटणार नाही. चिपळूण, कणकवली किंवा फोंड्याला राहणाऱ्याची गोष्ट निराळी. तिथे चार महिने रस्ता ओला असतो, आंबोलीच्या नाहीतर ताम्हिणीच्या उतारावर धुके असते आणि वळणावर अचानक एसटी समोर येते. अशा ठिकाणी ब्रेक दाबल्यावर गाडी दोन-चार मीटर आधी थांबणे, हे वाचवलेल्या पैशांपेक्षा फार मोठे आहे.

म्हणून कोकण-गोव्यातल्या कमी चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी माझे मत उलटे आहे. तिथे योकोहामा, मिशलिन किंवा ब्रिजस्टोन-गुडइयरच्या वरच्या श्रेणीतला ओल्या पकडीचा टायर घेणे खर्चिक वाटते तेवढे नाही. कोष्टकातल्या किमतींनी साध्या आणि महागड्या सेटमधला फरक ५,६०० रुपये आहे. सहा वर्षांवर वाटला तर वर्षाला हजाराच्या आत. मात्र लहान मापात हे टायर सगळीकडे मिळतीलच असे नाही, आधी चौकशी करा. मिळाले नाहीत तर एमआरएफ, सीएट, अपोलो, जेके यांचा ताजा, साधा टायर घ्या आणि खाचा तीन मिलिमीटरवर आल्या की पावसाळ्याआधीच बदला. १.६ची वाट बघू नका.

वापरलेला टायर: आकड्यात जवळ, रस्त्यावर दूर

कोष्टकात वापरलेला टायर पन्नास पैशांना दिसतो. त्यात बसवणे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरलेले नाही. दर खेपेला हजार रुपये धरा, आकडा ५८ पैशांवर जातो. नव्या साध्या टायरला तोच हजार लावला तर ५७ पैसे. म्हणजे स्वस्ताई संपली, धोका उरला.

धोका कसला, तेही सांगतो. झिजलेल्या टायरला गरम पात्याने पुन्हा खाचा कोरतात, वरून काळे पॉलिश मारतात, आणि टायर नव्यासारखा चमकतो. खाच कोरताना आतल्या तारांपर्यंत रबर पातळ झालेले असते. टायरच्या आत हात फिरवल्याशिवाय गेटर, म्हणजे फाटलेल्या जागी आतून लावलेला टायरचा तुकडा, टाकलाय का हे कळत नाही. बाजूला एकदा फुगा येऊन गेलेला टायर हवा नसताना साधाच दिसतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० किमी वेग आहे, रस्ता काँक्रीटचा आहे, आणि विदर्भाच्या उन्हात तासन् तास एकाच वेगाने गाडी पळते. असा टायर तिथे फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. याच कारणाने आरटीओने या महामार्गावर प्रवेश करतानाच टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या.

जुन्या बाजारातला एक प्रकार मात्र खरोखर विचारात घेण्याजोगा आहे. नवी गाडी घेतल्या-घेतल्या काही जण अ‍ॅलॉय आणि रुंद टायर घालतात, आणि शोरूममधून आलेले मूळ टायर दुकानदाराला देऊन टाकतात. शे-दोनशे किलोमीटर चाललेले असे टायर चांगल्या सवलतीत मिळतात. त्यांच्या रबरी केसांची टोके अजून शाबूत असतात, आणि चारही टायरांवरच्या तारखा जवळजवळ सारख्या असतात. माप जुळत असेल तर घ्या. कंपनीची हमी मिळेल असे समजू नका.

रिट्रेड म्हणजे पुनःस्तरण केलेले टायर एसटीला आणि ट्रकला चालतात. ते टायर त्यासाठीच जाड बांधणीचे असतात आणि ते काम कारखान्यात, तपासून होते. मोटारीला ते घालू नका, तेवढे पैसे वाचतही नाहीत.

माप आणि अक्षरे

डिझायर आणि स्विफ्टच्या खालच्या मॉडेलचे माप १६५/८० आर१४, पुढे ८५टी. १६५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, १४ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलणे, टी म्हणजे १९० किमी वेगापर्यंत. हा भार-आकडा कमी करायचा नाही, विशेषतः डिझेल गाडीत, कारण तिचे नाक जड असते. जुन्या वॅगनआरचे १४५/८० आर१३ आणि अल्टो ८००चे १४५/८० आर१२ लक्षात ठेवा. दुकानात जायच्या आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा, आता लागलेल्या टायरवर विसंबू नका. आधीच्या मालकाने भलतेच माप घातलेले असू शकते.

‘जरा रुंद घाला, गाडी बसते छान’ हा आग्रह होतोच. डिझायरला १७५/७० आर१४ घातला तर चाकाचा व्यास सुमारे तीन टक्के घटतो. गाडी तेवढी खाली बसते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. १८५/७० आर१४ने व्यास टक्काभरही बदलत नाही, पण टायर महाग, स्टिअरिंग जड आणि मायलेज थोडे कमी. जुन्या इंजिनावर ते ओझे कशाला? मूळ माप ठेवा.

तारीख, आणि दुकानदाराशी बोलणे

टायरच्या बाजूला लांबुळक्या चौकटीत चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला टायर मागा, फार तर वर्षाचा घ्या. सीएट नाशिक आणि नागपुरात टायर बनवते, एमआरएफचा कारखाना गोव्यात उसगावला, गुडइयरचा वाळूजला, ब्रिजस्टोनचा चाकणला. नेहमीच्या मापाचा टायर दोन वर्षे गोदामात पडून राहावा असे काही कारण नाही. ‘हाच शिल्लक आहे’ म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जा. कमी चालणाऱ्या गाडीला हे जास्तच लागू. तिचा टायर वयाने जाणार आहे, आणि दुकानात गेलेली दोन वर्षे तुमच्या सहांतूनच वजा होतात.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या नव्या टायरवर आयएसआय खूण सक्तीची आहे. जून २०२० पासून टायरची आयात निर्बंधित आहे, त्यामुळे ‘इम्पोर्टेड, एकदम स्वस्त’ असे कुणी म्हणाले तर खूण आणि तारीख दोन्ही नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. कुणी अजून जुन्या छापील भावावरच ‘डिस्काउंट’ दाखवत असेल, तर नवा भाव विचारा. ऑनलाइन भाव फोनवर उघडा ठेवा, पण त्यात बसवण्याचे, बॅलन्सिंगचे आणि नव्या व्हॉल्व्हचे पैसे धरलेत का ते बघून मगच तुलना करा. पक्के बिल घ्या, त्यावर टायरचे क्रमांक लिहून घ्या. हमीसाठी तेच लागते.

जुन्या गाडीला नवे टायर बसवण्याआधी तिची चाके एकदा उचलून बघायला सांगा. लोअर आर्मचे बुश गेलेले असतील, टाय रॉड सैल असेल किंवा शॉकअप्सर गळत असतील, तर सोळा हजारांचे टायर एका बाजूने खाल्ले जातील आणि दोष कंपनीला दिला जाईल. तेव्हा बजेट तोकडे असेल तर टायर साधे घ्या, आणि वाचलेले पैसे सस्पेन्शनला लावा. लोखंडी रिमच्या काठाला गंज असेल तर तो घासून काढायला लावा, नाहीतर ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जात राहील आणि तुम्ही पंक्चर शोधत बसाल.

गाडी वर्षभरात विकायची असेल, किंवा दोनच टायर परवडत असतील

पंधरा वर्षे भरत आली, नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण करायचे नाही असे ठरले असेल, तर चार नवे टायर घालण्यात अर्थ नाही. दोन सगळ्यात वाईट टायर बदला, साधे आणि ताजे. नव्या टायरची जोडी मागच्या चाकांना लावा, मागची चांगली जोडी पुढे घ्या. बरेच गॅरेजवाले याच्या उलट करतात, कारण इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असते आणि झीजही तिथेच जास्त होते. पण पाण्यावरून जाताना मागची चाके आधी सुटली तर गाडी गोल फिरते, आणि ती सावरणे साध्या चालकाच्या हातात नसते. पुढची सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की पुन्हा पकड येते. एकाच आसावर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर लावू नका.

काढलेल्या चारांपैकी सगळ्यात बरा टायर स्टेपनीला ठेवायची पद्धत आहे, ती चालेल, पण त्याचीही तारीख बघून. डिकीतली मूळ स्टेपनी कधी रस्त्याला लागलेलीच नसते, नक्षी करकरीत असते, म्हणून ती पाचव्या टायरसारखी वापरायचा मोह होतो. ती गाडीइतकीच, म्हणजे बारा वर्षांची आहे. तिच्यावर हळू चालवून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जा, त्यापुढे नाही.