जुन्या डिझेलचा कार्बन: बाटली की पाना?

जुनी डिझेल गाडी, पिकअप गेलेला, चढावर काळा धूर. टाकीत क्लीनरची बाटली ओतणं स्वस्त आणि सोपं. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची टोकं त्याने थोडीफार साफ होतातही. पण डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना, ते शिवतही नाही. आणि खरी घाण तिथेच: ईजीआर व्हॉल्व्हमधून (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) परत येणारी काजळी ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) तेलकट वाफेत मिसळून डांबरासारखी थापली जाते, हवेची वाट अरुंद करते. ती मॅनिफोल्ड उतरवून, खरवडून, धुऊनच निघते. दिवस मोडतो, गॅस्केट नवं लागतं. तरी माझं मत पान्यालाच. फक्त आत येणारी हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा जहाल स्प्रे) मारू देऊ नका, तो बिघडतो. घाईतला मेकॅनिक हमखास मारतो.