एव्हीपी लीग : जर्सीवर शहराचं नाव आहे, आता शहरही हवं

पाचपैकी साडेतीन तारे. खेळाला पाच, मांडणीला चार आणि ज्या शहरांची नावं जर्सीवर छापली आहेत त्यांच्याशी असलेल्या नात्याला दोन. सरळ सरासरी काढली तर थोडं जास्त येतं, पण ही तिसरी बाब मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून मी खाली आले.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एव्हीपी ही अमेरिकेतली बीच व्हॉलीबॉलची व्यावसायिक संस्था. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिक आटोपलं आणि सप्टेंबरात तिने शहरांच्या नावांची लीग सुरू केली. संघ आठ : एलए लाँच, सॅन डिएगो स्मॅश, ऑस्टिन एसेस, डॅलस ड्रीम, मायामी मेहेम, पाम बीच पॅशन, न्यूयॉर्क नायट्रो आणि ब्रुकलिन ब्लेझ. प्रत्येक संघात एक महिलांची जोडी आणि एक पुरुषांची. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क या चार राज्यांत दोन-दोन संघ, म्हणजे शेजाऱ्याशी भांडायची सोय पहिल्या दिवसापासून केलेली आहे. ही कल्पना मला मनापासून आवडली.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते, पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब तपासते. शाळेत असताना सहा जणींच्या व्हॉलीबॉलमध्ये सेटर होते, म्हणजे मारणारीला चेंडू उभा करून देणारी, आता मुलगी क्लबमध्ये वाळूवर खेळते. त्यामुळे सामना बघताना माझं एक लक्ष चेंडूकडे असतं आणि दुसरं या सगळ्याचा खर्च कोण उचलतंय याकडे.

हा दुसरा प्रश्न या खेळाने पूर्वी दोनदा जीवावर बेतेपर्यंत अनुभवला आहे. 1983 मध्ये खेळाडूंनी एकत्र येऊन एव्हीपी काढली आणि 1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीचच्या मोठ्या स्पर्धेवर बहिष्कारही टाकला, इतका पैशावरून राग होता. मग बिअरच्या कंपनीचा पैसा आला, टीव्ही आला, आणि तरीही 1998 मध्ये दिवाळखोरी झाली. त्यानंतर पुन्हा उभारणी. 2010 मध्ये मात्र मोसम अर्ध्यात असतानाच दौरा, म्हणजे गावोगावच्या स्पर्धांची मालिका, बंद पडला आणि उरलेल्या स्पर्धा रद्द झाल्या. त्या काळात दौऱ्याचं नावच प्रायोजकाचं असायचं : कधी क्रॉक्स, कधी निव्हिया. ताळेबंद वाचणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं आहे. ज्या धंद्याची पाटीच दुसऱ्याच्या नावाची असते, त्याचं आयुष्य त्या दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतं. 2012 मध्ये डोनाल्ड सन यांनी एव्हीपी विकत घेऊन ती चालती केली, 2021 मध्ये ती बॅलीज या कंपनीकडे गेली.

बीच व्हॉलीबॉलची आणखी एक पंचाईत आहे. ही स्पर्धा जिथे सगळ्यांत सुंदर दिसते तो किनारा सार्वजनिक असतो, तिथे सरसकट कुंपण घालून तिकीट लावता येत नाही. लॉस एंजेलिसजवळची मॅनहॅटन बीच ओपन स्पर्धा 1960 पासून चालू आहे, विजेत्यांची नावं तिथल्या धक्क्यावर पट्ट्यांवर कोरून बसवलेली आहेत, आणि हजारो माणसं वाळूत टॉवेल टाकून फुकट बघतात. त्या गर्दीत बसण्याइतका आनंद मला क्वचितच कुठे मिळतो. पण त्या आनंदातून दारावर पैसा जमत नाही. मग उरतो प्रायोजक, आणि तो उठून गेला की संपलं. खेळाडूचा हिशेब तर याहून कठीण : प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक, फिजिओ सगळं खिशातून, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत हरलं तर हातात जेमतेम काही.

लीगची मांडणी याला उत्तर देते, आणि बऱ्यापैकी चांगलं देते.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिने जोडी फुटण्याच्या रोगावर इलाज शोधला आहे. बीचवर जोड्या सतत जुळतात आणि मोडतात. सारा ह्यूज आणि केली चेंग यांचंच बघा. यूएससी या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात एकत्र खेळल्या, व्यावसायिक झाल्यावर वेगळ्या झाल्या, परत एकत्र आल्या, 2023 मध्ये मेक्सिकोतल्या त्लाक्सकालाला विश्वविजेत्या झाल्या, पॅरिसला गेल्या, आणि ऑलिंपिकनंतर पुन्हा वेगळ्या. यात कोणाची चूक नाही. दोघींना आपापल्या कारकिर्दीचा विचार करायचा असतो. पण प्रेक्षकाने काय करायचं? ज्या जोडीसाठी तो गळा फाडत होता ती जोडीच उरली नाही तर तो पुढच्या वर्षी तिकीट कशाचं काढणार? संघाचं नाव असलं की जोडी बदलली तरी प्रेक्षक जागेवर राहतो. प्रायोजकालाही असं काही मिळतं ज्याच्याशी पाच वर्षांचा करार करता येईल. फ्रँचायझी विकता येते, तिची किंमत वाढू शकते. दोन माणसांच्या मैत्रीची किंमत कोणत्या बँकेकडे तारण ठेवणार?

दुसरी गोष्ट, वेळापत्रक. जुन्या पद्धतीच्या स्पर्धेत सकाळपासून अनेक कोर्टांवर सामने चालतात, एकदा हरलेली जोडी हरलेल्यांच्या गटातून परत वर येऊ शकते, आणि तुमचा आवडता खेळाडू संध्याकाळी दिसेल की दुपारीच घरी जाईल हे त्यालाही ठाऊक नसतं. मला ते चालतं, मी दिवसभर टोपी घालून फिरते. पण ज्याला दोन तास मोकळे आहेत, मुलांना घेऊन यायचं आहे, त्याला हे जमत नाही. टीव्हीवाल्यांना तर अजिबातच नाही. लीगमध्ये कोणाचा सामना कोणाशी आणि कधी, हे आधीपासून ठरलेलं. 2025 च्या मोसमात शनिवारचे सामने द सीडब्ल्यू या राष्ट्रीय वाहिनीवर आले, ते या ठरलेपणामुळे शक्य झालं असं माझं मत आहे.

आणि तिसरी, माझी सगळ्यांत लाडकी : महिला आणि पुरुष एकाच नावाखाली. आमच्या शेजारच्या रांगेत एक कुटुंब बसलं होतं. वडील उघडच पुरुषांच्या सामन्यासाठी आले होते, पहिला सामना महिलांचा होता तेव्हा फोन बघत होते. दुसऱ्या सेटमध्ये आपल्या संघाच्या ब्लॉकरने, म्हणजे जाळीशी उडी मारून चेंडू अडवणारीने, एक चेंडू असा दाबला की ते उभेच राहिले. त्यानंतर फोन खिशात गेला तो गेलाच. त्यांना तिचं नाव माहीत नव्हतं, ते नुसतं 'एलए, एलए' ओरडत होते. महिलांचा खेळ बघा असं कोणी त्यांना सांगितलं नाही. संघ आपला होता, एवढंच पुरलं. माझ्या मुलीने हे बघितलं याचा मला फार आनंद आहे.

खेळाबद्दल वेगळं सांगायला नको. आठ मीटर रुंद, सोळा मीटर लांब वाळू आणि दोन्ही बाजूंना दोनच माणसं. लपायला जागा नाही, बदली खेळाडू नाही. शिवाय एव्हीपीचा फ्रीझचा नियम : सामना जिंकायच्या गुणावर आला की त्यानंतर फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूलाच गुण मिळतो. त्यामुळे आघाडीवरच्या जोडीला शेवटचा एक गुण कमवायला घाम गाळावा लागतो आणि हरणाऱ्यांना परत यायची खरी संधी असते. नुसता हा भाग बघायला गेलात तरी तिकिटाचे पैसे वसूल.

आता ते दोन तारे.

फ्रँचायझी म्हणजे नुसतं नाव देणं नव्हे. बास्केटबॉलचा हॉल घेऊन, ट्रकांनी वाळू ओतून कोर्ट करता येतं. त्याला माझा विरोध नाही, उलट समुद्र नसलेल्या गावात खेळ नेण्याचा तोच मार्ग आहे. पण आठवड्याच्या शेवटी वाळू ओतायची आणि सोमवारी भरून न्यायची, एवढंच त्या शहराच्या वाट्याला येणार असेल तर ऑस्टिनच्या जागी दुसरं कोणतंही नाव घातलं तरी काही बदलत नाही. टेनिसमध्ये 1974 साली वर्ल्ड टीमटेनिस सुरू झालं तेव्हाही हेच होतं : शहरांची नावं, पुरुष आणि महिला एकाच संघात, कल्पना सुरेख. पण खेळाडू काही आठवड्यांपुरते त्या शहराचे आणि वर्षभर स्वतःच्या दौऱ्याचे. 1978 च्या मोसमानंतर ते बंद पडलं, 1981 मध्ये परत आलं, तरी टेनिसच्या मुख्य प्रवाहात त्याला जागा मिळाली नाही. बीच व्हॉलीबॉलने हा धडा वाचलेला असावा अशी माझी इच्छा आहे.

कारण इथे खरा प्रादेशिक अभिमान आधीच तयार आहे, फक्त तो लीगच्या नकाशावर नाही. ट्रेव्हर आणि टेलर क्रॅब हे खेळाडू भाऊ होनोलुलूचे, हवाईत वाळूवरचा व्हॉलीबॉल घराघरात, आणि हवाईचा संघ नाही. ख्रिस्टन नस आणि टॅरिन क्लॉथ या जोडीने तर मला कायम थक्क केलं आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठात घडल्या, कॅलिफोर्नियात या असं जगाने सांगितलं तरी लुइझियानातच राहून सराव केला आणि ऑलिंपिकला पोचल्या. आपल्या जागेवर असं ठाम राहणाऱ्या खेळाडू ज्या राज्यात आहेत तिथे फ्रँचायझी नसणं मला पटत नाही. मोठी बाजारपेठ निवडणं हिशेबाने बरोबर दिसतं, पण न्यूयॉर्कमध्ये तुमची स्पर्धा शंभर गोष्टींशी आहे. लुइझियानात लीग या दोघींच्या नावावर स्टँड भरवू शकते.

विद्यापीठांनी हे आधीच करून दाखवलं आहे. तिथे एका संघात पाच जोड्या, पाच सामन्यांतून निकाल, आणि सराव करतात त्याच वाळूवर घरचे सामने. 2016 पासून एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या संस्थेचं राष्ट्रीय विजेतेपद अलाबामातल्या गल्फ शोअर्सला ठरतं. 2024 पर्यंत ते फक्त यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांतच फिरत होतं, आणि 2025 मध्ये टेक्सासमधल्या, समुद्रापासून दूर फोर्ट वर्थला असलेल्या टीसीयू विद्यापीठाने ते नेलं. फोर्ट वर्थ डॅलसच्या शेजारीच आहे! डॅलस ड्रीमला आपला प्रेक्षक कुठे शोधायचा हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक संघाचा मालक त्या भागातला असावा, किंवा निदान त्याचं कार्यालय तरी तिथे असावं, जे त्या भागातले छोटे प्रायोजक गोळा करेल. राष्ट्रीय प्रायोजक एक गेला तर दौरा कोसळतो हे दोनदा बघून झालं. आठ गावांतले ऐंशी दुकानदार, दवाखाने आणि बँका एकाच वर्षी जात नाहीत. वर्षभर चालणारी वाळूची कोर्टं हवीत, त्यावर मुलांच्या क्लबचं शुल्क जमा होईल आणि पालकांची तिकिटंही आपोआप विकली जातील. संघात दोन्ही गटांत एक-एक राखीव जोडी हवी, तीही शक्यतो त्याच भागातली. एकाचा खांदा दुखावला तर जागा घ्यायला आपल्याच संघातलं कोणी तयार हवं.

राखीव जोडीची गोष्ट मी आणखी एका कारणासाठी धरून बसले आहे. आठ संघ म्हणजे बत्तीस खेळाडू. सोळा महिला, सोळा पुरुष. बाकीच्यांनी काय करायचं? मॅनहॅटन बीचला पात्रता फेरीतून कोणीही अनोळखी जोडी मुख्य स्पर्धेत घुसू शकते, या खेळाचा जीव त्यात आहे. एव्हीपीने हेरिटेज (मॅनहॅटन बीचसारख्या जुन्या, मोठ्या) आणि कंटेंडर (त्याखालच्या, छोट्या) या स्पर्धा लीगबरोबर चालू ठेवल्या आहेत हे फार योग्य केलं. त्या खर्चकपातीत पहिल्यांदा कापल्या जाऊ नयेत, एवढं मला कळकळीने सांगायचं आहे. लीगला उद्या लागणारे खेळाडू तिथूनच येणार आहेत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जाळीच्या रेषेतली जागा टाळून कोर्टाच्या मागची घ्यावी. तिथून सर्व्हचं वळण दिसतं आणि बचाव करणारा खेळाडू चेंडू यायच्या आधी कुठे सरकतो तेही. दोन्ही सामने बघा, अर्ध्यात उठू नका.

मी एकेका संध्याकाळचं तिकीट काढत राहीन. ज्या वर्षी एलए लाँच आपल्या भागातल्या क्लबांच्या मुलामुलींसाठी एक सराव सत्र खुलं ठेवेल आणि त्या चौघांपैकी कोणीतरी आमच्या मुलींना ब्लॉक सोडून मागे कधी यायचं ते वाळूत उभं राहून शिकवेल, त्या वर्षी पूर्ण मोसमाचं तिकीट घेईन, आणि क्लबातल्या इतर पालकांनाही घ्यायला लावीन.