प्लेस्टेशन ५ : पीएस ४ चालू असताना तो घ्यावा का?

प्लेस्टेशन ५ (पीएस ५) हा सोनीचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, जगाच्या बाजारात नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. एवढ्या काळात जुने खेळाडू नव्या यंत्राकडे वळले असतील असे कोणालाही वाटेल. परंतु २०२४ च्या मध्यास सोनीने स्वतःच दिलेल्या माहितीनुसार दरमहा प्लेस्टेशनवर खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक त्याच्या आधीच्या पीएस ४ वरच खेळत होते. ही मंडळी चिक्कू आहेत म्हणून थांबली असे मला वाटत नाही. नवे यंत्र घेण्याचे सबळ कारण त्यांना बराच काळ मिळालेच नाही. हे परीक्षण त्यांच्याच प्रश्नापुरते आहे : घरातला पीएस ४ ठणठणीत असताना मोठा खर्च करून सध्या मिळणारा स्लिम, म्हणजे आकाराने लहान केलेला पीएस ५ आणावा का?

कागदावर पाहिले तर तुलनाच होऊ शकत नाही. चित्र रंगवणाऱ्या चिपची ताकद १.८४ टेराफ्लॉपवरून (गणनेच्या वेगाचे माप) १०.२८ टेराफ्लॉपवर गेली आहे आणि मेमरी ८ जीबीची १६ जीबी झाली आहे. प्रत्यक्षात मात्र बत्तीस इंची फुल एचडी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी चित्रातला फरक शोधावा लागतो. जो फरक न शोधता जाणवतो तो साठवणीचा आहे. पीएस ४ मध्ये फिरती हार्ड डिस्क होती. तिच्यावरून माहिती उचलून आणण्यात इतका वेळ जाई की पात्र मेले की फोन हातात घ्यायचा, ही खेळाडूंची सवयच होऊन बसली होती. पीएस ५ मधील एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवण, सेकंदाला साडेपाच जीबी माहिती वाचते. त्यामुळे नकाशावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे, हरल्यावर पुन्हा उभे राहणे, अर्धवट सोडलेला गेम उघडणे, या गोष्टी बहुतेक नव्या गेममध्ये काही सेकंदांत उरकतात. दिवसभराच्या कामानंतर ज्याच्या वाट्याला खेळण्यासाठी जेमतेम एक तास येतो, त्याच्या दृष्टीने हा फरक ग्राफिक्सपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

दुसरी जाणवणारी गोष्ट म्हणजे हालचालीतील सफाई. पीएस ४ वरचे मोठे कथाप्रधान गेम बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर चालत. पीएस ५ वर त्यांपैकी अनेक ६० वर चालतात, आणि त्यासाठी फोर के टीव्हीची गरज नाही. येथे एक सुखद बाब अशी की तुमच्याकडे आधीपासून असलेले गेमही सुधारतात. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ची पीएस ४ ची डिस्क पीएस ५ मध्ये घातली तर तो ६० फ्रेमवर चालतो, २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’लाही २०२१ च्या फेब्रुवारीत तशी सुधारणा मिळाली. मात्र हे सर्वच गेमबाबत खरे नाही. ‘ब्लडबोर्न’ आजही ३० फ्रेमवरच अडकलेला आहे, आणि इतक्या चाहत्यांनी इतकी वर्षे मागणी करूनही त्याला हात का लावला जात नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

मग लोक थांबले का? याचे उत्तर गेमच्या यादीत सापडते. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’, ‘ग्रान टुरिस्मो ७’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हे सोनीचे २०२२ मधील तीन मोठे गेम, आणि तिन्ही पीएस ४ वरही आले. दहा कोटींहून अधिक पीएस ४ जगभर विकले गेले असताना त्या ग्राहकांकडे पाठ फिरवणे धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचे ठरले असते. शिवाय सुरुवातीला चिपच्या टंचाईमुळे नवे यंत्र मागूनही मिळत नव्हते. पण याचा परिणाम असा झाला की जो गेम जुन्या यंत्रावर बऱ्यापैकी चालतो त्याच्यासाठी नवे यंत्र घेण्याची निकड कोणालाच वाटली नाही. ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’सारखा गेम, ज्यात खेळता खेळता क्षणात एका जगातून दुसऱ्या जगात उडी घेता येते, नव्या यंत्राचा खरा कस लावणारा होता, तसे गेम पहिल्या दोन वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘स्पायडर-मॅन २’ केवळ पीएस ५ साठी आला, तेव्हा कुठे पीएस ४ वाल्यांना आपण मागे राहिल्याची पहिली ठसठशीत जाणीव झाली असावी.

कंट्रोलरबद्दल थोडक्यात. पीएस ५ च्या ड्युअलसेन्स या कंट्रोलरची कंपने अत्यंत बारकाईची आहेत आणि त्याचे ट्रिगर प्रसंगानुसार घट्ट किंवा सैल होतात; यंत्रासोबत फुकट मिळणाऱ्या ‘अॅस्ट्रोज प्लेरूम’मध्ये याची चुणूक पाहून मन प्रसन्न होते. इतर कंपन्यांचे अनेक गेम मात्र या सोयीचा वापर उरकल्यासारखा करतात. बॅटरी सामान्य आहे, आणि कांडी न हलवताही पात्र सरकू लागण्याचा ड्रिफ्ट नावाचा दोष याही कंट्रोलरमध्ये उद्भवतो, अशा तक्रारी जगभर आहेत. पीएस ४ चा जुना कंट्रोलर ड्युअलशॉक ४ पीएस ५ ला जोडता येतो, पण त्यावर फक्त पीएस ४ चेच गेम खेळता येतात.

आता पैशांचा विषय. पूर्वी कन्सोल घेऊ पाहणाऱ्याला जाणकार एकच सल्ला देत, की दोन-तीन वर्षे थांबा, किंमत उतरेल. पीएस ४ च्या बाबतीत तो खरा ठरला होता : अमेरिकेत ३९९ डॉलरना आलेले ते यंत्र तीन वर्षांनी स्लिम रूपात २९९ डॉलरना मिळू लागले. पीएस ५ ने हा नियम मोडला. भारतात तो ४९,९९० रुपयांना आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या स्लिमची जाहीर किंमतही तीच राहिली. अमेरिकेत तर ऑगस्ट २०२५ मध्ये किंमत ५० डॉलरनी वाढवण्यात आली. सणासुदीच्या सवलतीत काही हजार सुटतात, त्या दिवसांत घेणे शहाणपणाचे; पण यंत्र जुने होत जाईल तसे स्वस्त होईल या आशेवर आता वर्षे काढण्यात अर्थ नाही. गेमही महागले आहेत. सोनीचा पीएस ४ वरचा नवा गेम आपल्याकडे ३,९९९ रुपयांना मिळे, तर पीएस ५ चा ४,९९९ रुपयांना मिळू लागला. इतर खेळाडूंशी ऑनलाइन खेळायचे असेल तर बहुतेक विकतच्या गेमना पीएस प्लस या सोनीच्या सेवेची वर्गणी लागते, ती वेगळीच.

म्हणूनच डिस्क ड्राइव्ह असलेले यंत्र आणि तो नसलेले डिजिटल यंत्र यांतील निवड मी या सगळ्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानतो. डिजिटल आवृत्तीची जाहीर किंमत एप्रिल २०२४ मध्ये ४४,९९० रुपये होती, म्हणजे डिस्कच्या यंत्रापेक्षा दहा हजारांनी कमी, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. परंतु पीएस ४ च्या डिस्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना वेगळा डिस्क ड्राइव्ह विकत घेऊन जोडल्याशिवाय त्या तिच्यावर लावताच येणार नाहीत, आणि जुन्या डिस्कच्या आधारे गेमची पीएस ५ आवृत्ती घेण्याची सोयही गमवावी लागेल. शिवाय आपल्याकडे वापरलेल्या डिस्कचा बाजार चांगला रुजलेला आहे. गेम संपवायचा, विकायचा, त्या पैशांत दुसरा आणायचा, किंवा मित्रांत अदलाबदल करायची, यावरच अनेकांचा छंद टिकून आहे. असे दोन-तीन नवे गेम खेळून विकले तरी दहा हजारांतला मोठा भाग वसूल होतो. डिजिटल दुकानात घेतलेला गेम मात्र कायमचा गळ्यात राहतो.

साठवणीची जागा डिस्क ड्राइव्हच्या स्लिममध्ये १ टीबी आहे, परंतु १०० जीबीच्या आसपास जाणारे गेम आता नवलाचे राहिलेले नाहीत, त्यामुळे ती भरायला वेळ लागत नाही. जुनी यूएसबी हार्ड डिस्क फेकून देऊ नये. तिच्यावरून पीएस ४ चे गेम थेट चालवता येतात. पीएस ५ चे गेम तिच्यावर ठेवता येतात, खेळता येत नाहीत. ते खेळण्यासाठी जागा वाढवायची तर यंत्राच्या आत वेगळी एम.२ प्रकारची एसएसडी बसवावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या अधिक ताकदीच्या पीएस ५ प्रोचा विचार पीएस ४ वाल्यांनी करू नये. सहा गिगाहर्ट्झच्या वायरलेस पट्ट्याला परवानगी नसल्यामुळे तो त्या वेळी भारतात आणला गेला नाही, आणि परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवला तर बिघाडाच्या वेळी वॉरंटीसाठी कोणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न उरतोच.

जे संध्याकाळी फक्त फुटबॉल, क्रिकेट किंवा ‘फोर्टनाइट’ खेळतात त्यांना मी घाई न करण्यास सांगेन. ‘ईए स्पोर्ट्स एफसी २६’ सुद्धा पीएस ४ वर आलेला आहे, आणि हा पुरवठा आटेपर्यंत त्यांचे काही बिघडत नाही. कथाप्रधान गेमचे शौकीन असाल तर डिस्क ड्राइव्हचा स्लिम घ्यावा. ‘स्पायडर-मॅन २’, ‘अॅस्ट्रो बॉट’, ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ असे पीएस ४ वर कधीच न आलेले गेम आता पुरेसे साठले आहेत. ‘जीटीए ६’साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालेली आहे आणि तोही पीएस ४ वर येणार नाही. त्याची वाट पाहत असाल तर जुना पीएस ४ त्या तारखेच्या बराच आधी विकून टाका. त्या सुमारास तो विकायला काढणाऱ्यांची गर्दी होईल आणि भाव पडतील, असा माझा अंदाज आहे.