शर्मन रणगाड्यावरचं बाहेरचं सामान: रेझिन सेट सात महिने वापरल्यावर

शर्मन या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी रणगाड्याच्या १:३५ मापाच्या मॉडेलसाठी हा सेट जानेवारीत घेतला. रेझिनच्या (साच्यात ओतलेल्या कडक प्लास्टिकच्या) वळकट्या, ताडपत्र्या, जेरीकॅन (इंधन-पाण्याचे डबे) आणि पितळी पत्र्याचे पट्टे व अवजारांच्या पकडी. आतापर्यंत दोन रणगाडे केले. दुसरा १९४५ च्या ब्रह्मदेशातल्या मेइक्तिलाच्या लढाईतला, रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंटचा.

सेटचा खरा जीव पितळेत आहे. फावडं, कुऱ्हाड, पहार या पकडींत बसवली की ती काढून वापरता येतील अशी दिसतात. पट्टे आधी गॅसच्या आचेवर तापवून मऊ करा, मग ते वळकटीच्या घडीत नीट बसतात. जेरीकॅनही उत्तम: उंची मोजून साडेतेरा मिलिमीटर, तीन दांड्यांची मूठ सुबक.

अडचण मोठ्या ढिगाची. टरेटमागचा (तोफेच्या फिरत्या बुरुजामागचा) सगळा ढीग एकसंध ओतलाय, आणि तो शर्मनच्या एम४ए३ या प्रकाराच्या मापाचा. माझा एम४ए४. क्रायस्लरची पाच इंजिनं जोडून बसवल्यामुळे त्याचा सांगाडा २८ सेंटिमीटरने लांब, म्हणजे मॉडेलवर ८ मिलिमीटर. शिवाय मागच्या पत्र्यावर पंख्यासाठी उंचवटा. ढीग त्यावर डुगडुगतो आणि इंजिनाची हवेची वाटही बुजवतो. ब्रह्मदेशच्या उन्हात कोणता चालक हे चालू देईल? शेवटी ढीग करवतीने कापला आणि मधल्या ताडपत्र्या इपॉक्सी पुट्टीने नव्याने केल्या. (रेझिन ओलं करूनच घासा, मास्क लावून.)

मला सगळ्यात खटकलं ते वजन. भरलेला जेरीकॅन २० किलोच्या आसपास असतो. त्याखाली वळकटी दबायला हवी, पट्टा ताणला जायला हवा. इथे सगळे डबे रिकामे असल्यासारखे अलगद टेकलेत. या रणगाड्यात ७५ मिमीचे ९७ गोळे आणि पाच माणसं. त्यांचं अंथरूण-पांघरूण, पाणी, भांडी बाहेरच लटकायची. नगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या शर्मनसमोर मी याच विचारात बराच वेळ उभा होतो. आता मी डब्याखालचं रेझिन कोरून खळगा करतो, मगच पट्टा आवळतो.

जुलैत दोन पकडी सुटल्या. पितळ व्हिनेगरने पुसून, धुऊन परत चिकटवल्या, त्यानंतर टिकल्यात. दुसऱ्या पाकिटात एक ताडपत्री वाकडी निघाली. विक्रेत्याने बदलून दिली नाही, पण गरम पाण्यात धरून सरळ झाली.

एम४ए३ करणाऱ्यांनी पूर्ण सेट घ्यावा. एम४ए४ वाल्यांनी पितळी पत्रा आणि जेरीकॅन सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या.